पुढचा नाच

१

अट्रॅक्टा कुणाकडेही गेली की चहाला दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची. त्या गावात सगळेच तसे. पहिल्या खेपेला हो म्हणणारा अधाशी ठरे, आणि सरळ 'नाही' म्हणणारा माणूस तिथं अजून जन्माला यायचा होता. 'बघू', 'कळवतो', 'येऊ की कधीतरी' एवढं म्हणायचं, समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं, आणि दोघांनी हसून हवामानावर बोलायचं.

मार्चातल्या एका ओल्या शनिवारी ती सफरचंदाचं टार्ट घेऊन शेजारी मॅलकीच्या स्वयंपाकघरात शिरली. मॅलकीची मुलगी म्युरन डब्लिनहून आली होती, हे अट्रॅक्टानं आपल्या खिडकीतून गाडी वळतानाच पाहिलं होतं.

"चहा?" म्युरननं विचारलं.

"छे गं, आत्ताच घेतला."

"अर्धा कप घे."

"नको, तुम्ही कामात दिसता."

"ओतला बघ."

"ओतलाच आहेस तर मग काय करणार!" म्हणत तिनं खुर्ची ओढली. टेबलावर कागद होता आणि तो उलटा वाचायची तिला चांगली सवय होती. सप्टेंबरातल्या लग्नासाठी तीन जागा लिहिल्या होत्या. गोल्फचं हॉटेल, टेकडीवरचा किल्ला, आणि तिसऱ्या नावाभोवती दोनदा गोल केलेलं, हेरन बॉलरूम.

अट्रॅक्टाचा कप ओठांपाशीच थांबला.

नोव्हेंबरात म्युरनची आई डिम्पना गेली. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात तिनं अट्रॅक्टाचं मनगट धरलं होतं. "माझ्या पोरीचं लग्न कुठंही होऊ दे," ती म्हणाली होती. "हेरनमध्ये नको. शब्द दे मला." अट्रॅक्टानं शब्द दिला. का, म्हणून विचारणार तोच नर्स आली, आणि मग विचारायची वेळ राहिलीच नाही. गावातल्या कुठल्या घरात कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे हे तारखेसकट सांगणाऱ्या बाईला हे एकच कारण ठाऊक नव्हतं, आणि ते तिला चार महिने दाताखाली खड्यासारखं लागत होतं.

"तो हॉल ओलसर असेल गं," ती म्हणाली. "तळ्याच्या काठी. वीस वर्षं बंद होता."

"आता सगळा नवा केलाय. आणि आईबाबा तिथंच भेटले ना?" म्युरन कागदाकडे बघत म्हणाली. "आई नसणार लग्नाला. ती नाचली ती जमीन तरी पायाखाली असू दे माझ्या."

अट्रॅक्टानं टार्टचे तुकडे केले, आणि बोलता बोलता तिन्ही जागा बघायला स्वतःलाच बरोबर घेऊन टाकलं. फिंटन, म्हणजे नवरा मुलगा, गॅलवेला नोकरीत अडकलेला होता. कुणीतरी जाणतं माणूस हवंच होतं.

२

गोल्फच्या हॉटेलातला गालिचा कुणीतरी वाटाण्याचं सूप सांडल्यासारखा होता. तिथला मॅनेजर सारखा घड्याळ बघत "बीफ की सामन?" एवढंच विचारत राहिला. अट्रॅक्टाला ते हॉटेल एकाएकी फार आवडलं.

"काय छान हवेशीर आहे!"

"अगं, खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात," म्युरन कुजबुजली.

"लग्नात खिडकीतून कोण बघतं?"

किल्ल्यात नवरीची खोली मनोऱ्याच्या टोकाला होती. एकशेबावीस पायऱ्या, आणि मॅलकीचे गुडघे तर पाचव्या पायरीलाच देवाचं नाव घ्यायचे. अट्रॅक्टानं त्या पायऱ्यांचीही स्तुती केली. व्यायाम होतो, म्हणाली. म्युरननं दोन्हीकडे गोड हसून "कळवते तुम्हाला" म्हटलं. दोन्ही मॅनेजर समजले आणि त्यांनी हातातली फाइल मिटली.

"आता तिसरा," गाडी चालू करत ती म्हणाली. तिचा चेहरा आईसारखा खुलला होता. अट्रॅक्टानं पर्समधली जपमाळ चाचपली आणि मग स्वतःलाच हसली. भरदुपारी दोन वाजता, एक नाचाचा हॉल बघायला जपमाळ?

३

हॉल खरोखरच देखणा केला होता. छताला काचेची झुंबरं, आणि तळ्याच्या बाजूची भिंत पाडून तिथं वरपासून खालपर्यंत एकच काच. पूर्वी तिथं एक दार असे. हवा खायला पोरं त्या दारानं बाहेर धक्क्यावर जात.

"जमीन मात्र जुनीच ठेवली," व्यवस्था बघणारी जसिंटा सांगत होती. "मेपलची, खाली स्प्रिंगा. दोनशे माणसं नाचायला लागली की बोटीसारखी हलते. आणि ते बाकही जुनंच. पुरुषांच्या बाजूचं. तेवढंच एक राहिलं होतं."

काचेला लागून ते लांब बाक होतं, पॉलिश करून चकचकीत केलेलं. अट्रॅक्टा त्याच्याकडे बघत राहिली. अठराव्या वर्षी, जूनमधल्या एका रविवारी, ती इथं शेवटची आली होती. मंगळवारी बोटीनं इंग्लंडला गेली, कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात लागली आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा बावीस वर्षांनी परतली. तोवर हॉलला कुलूप लागलं होतं.

जसिंटानं हॉलच्या मधोमध एका छोट्या टेबलावर चहा मांडला आणि दर लिहिलेला कागद आणायला आत गेली. म्युरन डोळे मिटून बसली होती, पाय खुर्चीच्या दांडीवर घेऊन. अट्रॅक्टानं साखर घातली, चमचा बाजूला ठेवला.

चहा हलत होता.

कपाच्या मधोमध एक बारीक वलय उठे आणि कडेला जाऊन विरे. मग दुसरं. तिसरं. थोडं थांबून पुन्हा तीन. तिनं आपले पाय जमिनीवरून उचलले. वलयं थांबली नाहीत. फ्रिजची मोटर असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण मोटर काही पहिल्या ठोक्यावर जोर देऊन पुढचे दोन हलके सोडत नाही. हा वॉल्ट्झचा ठेका होता. बसल्या जागी नाचायची वाट बघणारं माणूस पायाच्या चवड्यानं धरतं तसा, न कंटाळता धरलेला.

"म्युरन, तुला काही जाणवतं का?"

"भूक," डोळे न उघडता म्युरन म्हणाली, उठली आणि तळं बघायला काचेपाशी गेली. तिथं उभी असताना ती मध्येच हसली, खांद्यावरून काहीतरी बोलली. जसिंटा परत आली. चहा स्थिर झाला होता.

परतताना गाडीत म्युरन म्हणाली, "तो कामगार गोड होता हं."

"कुठला?"

"बाकापाशी होता तो. मागून अगदी हळू म्हणाला, 'नाचणार का?' मी तळं बघत होते, वळलेपण नाही. म्हटलं, 'आत्ता नको, पुढचा तुमचा!'"

अट्रॅक्टा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. पूर्ण वेळ तिचं तोंड त्या बाकाकडेच होतं. तिथं कुणी नव्हतं.

४

तिनं तीन दिवस स्वतःशी वाद घातला. आपलं वय झालं. काचेवर ऊन होतं. पोरीला वाऱ्याचा भास झाला असेल. चौथ्या दिवशी मॅलकी कुंपण छाटत होता तेव्हा ती आपल्या बाजूनं काठाशी जाऊन उभी राहिली.

"किती छाटतोस रे? तुझ्या डोक्यावर नाहीत तेवढे केस त्या झुडपाचे काढलेस."

"चहा घेतलास का?" तो न बघता म्हणाला.

"चहा राहू दे. डिम्पनाला हेरन हॉल का नको होता?"

कात्री थांबली. मॅलकीनं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"तुला सांगायचं नाही अशी शपथ होती तिची."

"मला? माझा काय संबंध?"

"तुझाच तर," तो म्हणाला. "पलीकडच्या काठचा कोलमन आठवतो?"

तिला आठवेना. मग हळूहळू आठवलं. तेव्हाच्या रिवाजात पोरी या भिंतीला, पुरुष त्या भिंतीला. बँड सुरू झाला की पुरुष जमीन ओलांडून यायचे आणि हात पुढं करायचे. एका खेपेला तीन गाणी. एखाद्याला पोरीनं नाकारलं तर त्या खेपेला तिनं दुसऱ्या कुणाबरोबर उठायचं नाही, असा नियम. म्हणून पोरी नाकारत नसत. 'पुढचा' म्हणत. पुढचा नाच तुझा. तो नाच कधीच येत नाही हे पुरुषांनाही माहीत होतं. ते हसून परत जायचे.

"त्याला नव्हतं माहीत," मॅलकी म्हणाला. "महिन्यातून एकदा होडी वल्हवत यायचा बिचारा. घरात म्हातारा बाप आणि मेंढ्या. त्या रविवारी तो तुझ्याकडे आला. तू 'पुढचा' म्हणालीस, आणि नऊ वाजता भावाबरोबर ट्रंक भरायला घरी गेलीस. तो बाकावर बसून राहिला. दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा डिम्पनाकडे आला. 'तुमची मैत्रीण परत येणार आहे ना?'"

"मग?"

"ती काय म्हणणार? आपल्यात कोण सरळ बोलतं? म्हणाली, 'येईल की. बसा.' रस्ताभर हसलो आम्ही." मॅलकीनं कात्रीच्या पात्यावरचं पान काढलं. "बुधवारी होडी रिकामी सापडली. तो सापडला नाही. तळं खोल आहे. तू मंगळवारीच गेली होतीस. काय लिहिणार होती ती तुला पत्रात?"

अट्रॅक्टानं कुंपणाची एक छाटलेली डहाळी उचलली.

"पुढं एकदा डिम्पना बिंगोला गेली होती हॉलमध्ये. अर्ध्यातून परत आली. म्हणाली, 'तो अजून बसलाय.' मी म्हटलं, तुझ्या मनाचे खेळ. पुन्हा पाऊल टाकलं नाही तिनं तिथं."

घरी येऊन अट्रॅक्टा ओट्यापाशी कितीतरी वेळ उभी होती. त्याचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता. फक्त पुढं केलेला हात आठवत होता, आणि कोटाच्या बाहीचं एक बटण. ते एका धाग्यावर लोंबत होतं. 'पडेल हं ते' म्हणून सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. तेही तिनं सांगितलं नव्हतं.

आणि आता म्युरननं त्याला 'पुढचा' म्हटलं होतं. पुढचा नाच त्या जमिनीवर होणार होता तो तिच्या लग्नात.

५

"कारण सांग," शनिवारी म्युरन म्हणाली. त्या दिवशी जेवणाची चव बघायची होती आणि करारावर सही करायची होती. फिंटन आला होता, गाडीपाशी शीळ घालत उभा होता. "एक तरी कारण सांग, अट्रॅक्टा. ओल नाही. जागा आहे. बाबांना पायऱ्या नाहीत."

"तुझ्या आईला नको होतं." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

म्युरनचा चेहरा पडला. "आई असं म्हणाली? मला नाही सांगितलं, आणि तुला सांगितलं?" तिचे डोळे भरून आले. "का?"

पोरीच्या त्या तोंडाकडे बघून अट्रॅक्टाला सगळं सांगता आलं असतं. पण मग ती हॉल सोडून देती, आणि आई त्या रस्त्यावर हसत गेली होती हे जन्मभर बरोबर घेऊन फिरती. आणि तो मात्र तिथंच बसून राहता.

"मला वाटतं तिचा गैरसमज झाला होता," अट्रॅक्टा म्हणाली. "चल. मी येते. सही मात्र मी सांगेपर्यंत करू नकोस."

हॉलमध्ये जसिंटा त्यांना थेट मुदपाकखान्यात घेऊन चालली. "तुम्ही व्हा पुढं," अट्रॅक्टा म्हणाली. "मी बसते जरा. गुडघे."

"तुझे गुडघे तर माझ्यापेक्षा बरे आहेत," फिंटन म्हणाला.

"जा रे, बटाटे थंड होतील."

दार मिटलं. तिनं एक खुर्ची उचलली आणि काचेसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवली. पोरींचं बाक असे बरोबर तिथं. बसली. पर्स मांडीवर घेतली, घोटे जुळवले. पंचावन्नाव्या वर्षी आपल्याला असं बसलेलं कुणी बघितलं तर, असं वाटून तिला कसंनुसं झालं.

समोर बाक रिकामं होतं. त्यामागं तळं, आणि त्यावर दुपारचं पांढरं ऊन.

मग पायांच्या तळव्यांना ठेका लागला. एक जड, दोन हलके. एक जड, दोन हलके.

मी सत्तावीस वर्षं पेन्शनीचे पैसे भरलेली बाई आहे, तिनं स्वतःला बजावलं. लाकूड उन्हानं फुगतं. पाण्याचे पाइप वाजतात.

ठेका थांबला.

ते थांबणंच जास्त वाईट होतं. कारण मग जमीन काचेच्या बाजूला किंचित खाली गेली, कुणीतरी बसल्या जागेवरून उठावं तशी. झुंबराचा एक लोलक किणकिणला. जमीन पुन्हा दबली, जरा अलीकडे. आणखी अलीकडे. तिच्या खुर्चीचे पाय दर पावलाला एक केसभर वर जात आणि खाली येत.

पोरींनी वर बघायचं नसे. तिनंही नजर मांडीवर ठेवली. होडीच्या डांबराचा वास आला, आणि थंडावा. तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा.

तिच्या पर्सच्या वर, उन्हात, एक हात आला. नखांत पीटची, जळणासाठी खणतात त्या मातीची, काळी रेघ. बाही मोठी, थोरल्या भावाची असावी तशी. बटण एका धाग्यावर.

हात कोवळा होता. तेच तिला सहन झालं नाही. सदतीस वर्षं, आणि त्या हाताला अजून मिशी न फुटलेल्या पोराची लाज होती.

"हो," अट्रॅक्टा म्हणाली. "माझाच होता तो."

६

बँड नव्हता, तरी पावलं चुकली नाहीत. ब्लाउजमधून पाठीला त्याचा पंजा लागत होता, भिजलेल्या फडक्यासारखा. तिनं नजर त्या बटणावरच ठेवली. पहिलं गाणं झालं. मुदपाकखान्यातून फिंटनचा आवाज येत होता, "तीन प्रकारचे बटाटे? चौथा का नाही?" आणि म्युरनचं हसणं. दुसरं झालं. तो नाचायला वाईट नव्हता. मन लावून नाचत होता, मोजून, घरी कुणापुढं तरी सराव करून आल्यासारखा. मेंढ्यांपुढं केला असेल, तिला वाटलं.

तिसरं झालं. हात सुटला नाही.

ती थबकली. हा रिवाजही ती विसरली होती. तीन गाण्यांनंतर पुरुषाला पोरगी आवडली असेल तर तो हात धरून ठेवी आणि एक प्रश्न विचारी. हो म्हटलं की तो लेमोनेडची बाटली आणायचा, आणि उरलेला सगळा वेळ तिचा त्याच्याबरोबर.

"थांबशील?"

कानाशी आलं की आतूनच आलं, तिला नंतरही सांगता आलं नाही. अगदी हळू. अगदी अदबीनं.

'बघू' तिच्या जिभेवर तयार होतं. 'नंतर'. 'पुढच्या वेळी'. चांगल्या घरच्या बाईला शोभणारे शब्द सगळे ओळीनं उभे होते, आणि त्यातला एकही चुकून सुटला असता तर तो पुन्हा जाऊन त्या बाकावर बसला असता. सप्टेंबरपर्यंत. त्यानंतरही.

"नाही," ती म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा म्हणाली. तिचा आवाज त्या मोठ्या हॉलमध्ये उघडा पडला.

"नाही रे, कोलमन. मी थांबणार नाही. तेव्हाही येणार नव्हते. खोटं बोलले मी तुझ्याशी. डिम्पनाही खोटं बोलली. आणि त्या पोरीनं म्हटलं तेही नुसतं सवयीनं, तिची वाट बघू नकोस. कुणीच येणार नाहीये, राजा. जा. घरी जा."

हात घट्ट झाला. इतका घट्ट की बोटांची हाडं एकावर एक आली. तिला वाटलं, आता हा सोडणार नाही, आता आपण जाऊ याच्याबरोबर. तिनं हात ओढला नाही.

मग तो सुटला.

जमीन दबत गेली, काचेकडे, एकेक पाऊल. जुनं दार होतं तिथं आता सलग काच होती. पावलं काचेशी थांबली नाहीत. तेव्हा तिनं मान वर केली, आणि काचेपलीकडे, धक्का कधीच मोडून गेला होता त्या जागी, क्षणभर एक पाठ दिसली. खांद्यांना मोठा होणारा कोट. त्यानं वळून बघितलं असतं तर चेहरा दिसला असता. त्याआधीच तिनं डोळे मिटून घेतले.

"अट्रॅक्टा!" म्युरन ताटली घेऊन दारात उभी होती. "एकटीच काय करतेस मध्यावर? अगं, पांढरीफटक झालीस. चहा देऊ?"

"हो," अट्रॅक्टा म्हणाली. पहिल्याच खेपेला.

म्युरन बघतच राहिली.

"आणि सही कर," ती म्हणाली. उजवा हात तिनं स्कर्टच्या खिशात घातला. तो रविवारपर्यंत गरम झाला नाही.

७

लग्नाला पाऊस पडू नये म्हणून आदल्या दिवशी बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली ठेवायची तिकडची रीत, आणि ती जबाबदारी अट्रॅक्टाची होती. तिनं ती इतकी नीट ठेवली की सप्टेंबरातला तो दिवस लख्ख उजाडला. दोनशे माणसं नाचली आणि जमीन खरंच बोटीसारखी हलली. म्युरन आईचे कानातले घालून फिंटनच्या पायांवर पाय देत होती आणि हसत होती. बाकावर लोकांनी कोट टाकले होते. अट्रॅक्टानं सकाळीच त्या लाकडावरून हात फिरवून पाहिला होता. कोरडं होतं. साधं लाकूड.

ती भिंतीशी बसली होती. एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, माणसं पेले शोधायला पांगली. मॅलकी टायची गाठ सैल करत तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला.

"उठतेस का, म्हातारे? गुडघे तुझेही गेलेत, माझेही."

"अरे, आत्ता कुठं," ती हसत म्हणाली, "पुढ—"

जमिनीवर कुणीही नाचत नव्हतं. तिच्या तळव्यांना एक ठोका लागला. एकच. जड.

अट्रॅक्टानं तोंड मिटलं. मग ती उठली, मॅलकीचा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "आत्ताच. चल, आत्ताच."

"बँड तरी सुरू होऊ दे, बाई!"

"नको," ती म्हणाली, आणि बाकाकडे न बघता नाचायला लागली.